भिवपुरीची वीज आणि पस्तीस मिलिमीटरची फीत: रेंजफाइंडर कॅमेरा कसा जगतो?

१/
सह्याद्रीच्या पायथ्याशी, कर्जत तालुक्यातील भिवपुरी येथे १९२२ साली टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. तीनच वर्षांनी, १९२५ मध्ये, जर्मनीत लाइपझिगच्या वसंत प्रदर्शनात ‘लायका’ नावाचा, कोटाच्या खिशात मावणारा कॅमेरा विक्रीस मांडला गेला. या दोन घटनांचा परस्परांशी वरकरणी काहीच संबंध नाही. तरीही मुंबई-कर्जत पट्ट्यात जुना फिल्म कॅमेरा बाळगण्याचा आणि जपण्याचा इतिहास सांगायचा, तर सुरुवात वीज आणि पाऊस या दोन गोष्टींपासून करावी लागते. आजचा धागा त्याविषयी.

२/
प्रथम भिवपुरी. मावळातील आंध्रा नदी स्वभावतः पूर्वेकडे वाहते. ठोकरवाडी येथे धरण बांधून तिचे पाणी पश्चिमेकडे वळवण्यात आले आणि घाटाच्या कड्यावरून सुमारे पाचशे मीटर खाली, भिवपुरीच्या जनित्रांवर सोडण्यात आले. त्यासाठी आंध्रा व्हॅली पॉवर सप्लाय कंपनी १९१६ साली स्थापन झाली होती. आधी खोपोली (१९१५), मग भिवपुरी (१९२२), नंतर भिरा (१९२७), असा हा क्रम. या विजेचा मोठा ग्राहक म्हणजे मुंबईच्या कापडगिरण्या. बेस्ट कंपनीही पुढे शहरासाठी टाटांकडूनच वीज घेऊ लागली.

३/
त्या काळचे छायाचित्रण कसे होते? तिवईवर बसवलेला लाकडी कॅमेरा, काचेच्या प्लेटा, डोक्यावर काळे कापड. अशा कॅमेऱ्यापुढे धरणाची भिंत निमूट उभी राहते. डोक्यावर घमेले घेऊन चाललेली मजूर स्त्री राहत नाही. भिवपुरीचे केंद्र सुरू झाले त्याच सुमारास, १९२१ ते १९२४ या काळात, मुळशी खोऱ्यात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली टाटांच्या पुढील धरणाविरुद्ध सत्याग्रह चालू होता. यंत्र जड असले की कोणाचे चित्र निघेल आणि कोणाचे निसटेल, हे काही अंशी यंत्रच ठरवते. छायाचित्र हे इतिहासाचे साधन म्हणून वापरताना हा मुद्दा विसरून चालत नाही.

४/
कॅमेरा हलका झाला तो सिनेमामुळे. एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सन यांनी १८९० च्या दशकाच्या आरंभी ३५ मिलिमीटर रुंदीची, दोन्ही कडांना छिद्रे असलेली फीत रूढ केली. हीच फीत १९१२ साली दादासाहेब फाळके यांच्या घरी पोहोचली. लंडनहून आणलेला विल्यमसन कॅमेरा, सोबत छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि छिद्रे नसलेली कोरी फिल्म. ती छिद्रे अंधारात हाताने पाडण्याचे काम सरस्वतीबाई फाळके करीत. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशनमध्ये झळकला, त्यामागे हे श्रम होते.

५/
नेमक्या त्याच सुमारास, १९१३-१४ मध्ये, जर्मनीतील वेट्झलार गावी लाइट्झ कारखान्यातील ऑस्कर बारनाक हे तीच सिनेमाची फीत एका छोट्या धातूच्या पेटीत आडवी धावण्याच्या खटपटीत होते. सिनेमाची चौकट १८ × २४ मिलिमीटरची. बारनाक यांनी ती दुप्पट केली: २४ × ३६. आजही ‘फुल फ्रेम’ म्हणून ओळखले जाणारे माप ते हेच. मध्ये पहिले महायुद्ध गेले, मग महागाईची वर्षे गेली आणि १९२४ साली अर्न्स्ट लाइट्झ (दुसरे) यांनी हा कॅमेरा बाजारात आणण्याचा धोका पत्करला. लाइट्झ आणि कॅमेरा या दोन शब्दांच्या आद्याक्षरांतून ‘लायका’ हे नाव घडले.

६/
येथे वीज कथेत शिरते. काचेच्या मोठ्या प्लेटवरून कागदावर त्याच मापाचा ठसा घेता येई. त्यासाठी सूर्यप्रकाशही पुरे होता. टपाल तिकिटाएवढ्या निगेटिव्हचा तसा ठसा घेऊन उपयोग नव्हता. ती मोठी करण्यासाठी एन्लार्जर हवा आणि एन्लार्जरला स्थिर, भरवशाचा दिवा हवा. घरातल्या मोरीला काळा पडदा लावून डार्करूम थाटणे शक्य झाले ते भिंतीवर विजेचे बटण आल्यानंतर. छोट्या कॅमेऱ्याचा प्रसार विजेच्या तारांमागोमाग झाला. मुंबईपुरते बोलायचे, तर त्या तारांचे एक टोक भिवपुरीत होते.

७/
छोट्या निगेटिव्हने आणखी एक अडचण उभी केली. प्रतिमा मोठी केली की फोकसमधील किंचितशी चूकही मोठी होते. पहिल्या लायकात अंतर डोळ्यांनी अजमावावे लागे किंवा वर बसवायचे वेगळे अंतरमापक वापरावे लागे. अंतरमापक हे मूळचे तोफखान्याचे आणि आरमाराचे उपकरण. ते कॅमेऱ्याच्या भिंगाशी जोडण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न कोडॅकने १९१६ साली आपल्या मोठ्या घडीच्या कॅमेऱ्यात केला होता. छोट्या कॅमेऱ्यात ही जोडणी १९३२ साली आली: एकीकडे लायका (दोन), दुसरीकडे झाइसचा कॉन्टॅक्स.

८/
रेंजफाइंडर चालतो कसा? कॅमेऱ्याच्या पुढच्या अंगाला काही अंतरावर दोन खिडक्या असतात. एकीतून दृश्य थेट दिसते. दुसरीतून आलेली प्रतिमा एका छोट्या आरशावरून वळून अर्धपारदर्शक आरशावर पडते आणि पहिल्या दृश्यावर चढते. भिंगाचे कडे फिरवले की भिंग पुढे-मागे सरकते. त्याच्या पाठीशी टेकलेली एक तरफ हलते आणि दुसरी प्रतिमा आडवी सरकते. दोन प्रतिमा एकरूप झाल्या की फोकस साधला. माणसाचे दोन डोळे जे करतात, तेच येथे पितळ, काच आणि काही स्क्रू करतात. बॅटरीची गरज नाही.

९/
दोन खिडक्यांमधील अंतर जितके अधिक, तितके मापन अचूक. सुरुवातीच्या लायकांत ते सुमारे ३९ मिलिमीटर होते, तर १९३६ च्या कॉन्टॅक्स (दोन) मध्ये सुमारे ९०. दृश्य पाहण्याची आणि अंतर जुळवण्याची खिडकी एकच करण्याचे कामही याच कॉन्टॅक्सने केले. लायकाला ते जमले १९५४ साली, एम-३ या मॉडेलमध्ये. मोठी स्वच्छ खिडकी, खटक्याने बसणारे भिंग, अंगठ्याने ओढायची तरफ. एम-३ दोन लाखांहून अधिक संख्येने बनला आणि या जातीचा मानदंड ठरला.

१०/
महायुद्धाने या यंत्राची वंशावळ जगभर पसरवली. सोव्हिएत युक्रेनमधील खारकीव येथे अनाथ मुलांच्या वसाहतीतील कारखान्यात १९३४ पासून लायकाची नक्कल ‘फेड’ या नावाने निघत होती. १९४५ नंतर कॉन्टॅक्सची यंत्रसामग्री युद्धभरपाई म्हणून सोव्हिएत संघात गेली आणि १९४७ पासून तोच कॅमेरा ‘कीव’ म्हणून बनू लागला. पाठोपाठ मॉस्कोजवळ ‘झोर्की’ आला. जपानमध्ये कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांच्या कॅमेऱ्यांचा आरंभ रेंजफाइंडरनेच झाला.

११/
भारताच्या इतिहासात या यंत्राची सर्वांत ठळक नोंद आहे ती आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्यामुळे. १९४७ च्या उत्तरार्धात ते पत्नी रत्ना मोहिनी यांच्यासह मुंबईत उतरले. हातात लायका, चमकणाऱ्या कडा लोकांच्या नजरेत भरू नयेत म्हणून त्यावर काळी पट्टी चिकटवलेली. परळच्या गिरणगावातील एका ज्योतिष्याच्या दुकानाचे त्यांचे १९४७ चे छायाचित्र प्रसिद्ध आहे. घाटावरून आलेल्या विजेवर ज्या वस्तीतल्या गिरण्या चालत होत्या, त्याच वस्तीतला हा एक क्षण. १९२२ चा तिवईवरचा कॅमेरा असा क्षण सहजी पकडू शकला नसता.

१२/
३० जानेवारी १९४८. दिल्लीत बिर्ला भवनात कार्तिए-ब्रेसाँ गांधीजींना भेटले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातील आपल्या प्रदर्शनाचे पुस्तक त्यांनी गांधीजींना दाखवले. ते तेथून निघाल्यानंतर थोड्याच वेळात गांधीजींची हत्या झाली. त्या रात्री फाटकाजवळ उंचावर उभे राहून नेहरू लोकांना ती वार्ता देत आहेत, हे छायाचित्र जवळच्या दिव्याच्या तुटपुंज्या उजेडात घेतलेले आहे. त्यात स्पष्टता कमी आहे. धूसर कडा आणि पसरलेला प्रकाश आहे. तरीही ते त्या रात्रीचे अस्सल साधन आहे.

१३/
त्याच दिल्लीत होमाई व्यारावाला काम करीत होत्या. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या या छायाचित्रकर्तीची साधने वेगळी होती: रोलिफ्लेक्स आणि वजनदार स्पीड ग्राफिक. गंमत अशी, की स्पीड ग्राफिकच्याही बऱ्याच नमुन्यांना बाजूस रेंजफाइंडर जोडलेला असे. तेव्हा ‘रेंजफाइंडर म्हणजे लायका’ हे समीकरण अपुरे आहे. ते मुळात अंतर मोजण्याच्या एका रीतीचे नाव आहे आणि ती रीत लहान-मोठ्या अनेक कॅमेऱ्यांनी स्वीकारली होती.

१४/
सामान्य मराठी घरात असा कॅमेरा आला कसा? १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात परकीय चलनाची टंचाई तीव्र झाली आणि चैनीच्या वस्तूंच्या आयातीवर कडक निर्बंध आले. त्यानंतर चांगला कॅमेरा म्हणजे परदेशाहून परतलेल्या नातेवाइकाच्या सामानातली किंवा बोटीवर नोकरी करणाऱ्याकडून मिळालेली चीज. दुसरी वाट रुपयातील व्यापाराची होती. सोव्हिएत संघ आणि पूर्व युरोपाशी व्यवहार रुपयांत होत असल्याने तिकडचे कॅमेरे आणि पूर्व जर्मनीची ‘ओर्वो’ फिल्म भारतात मिळे. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्समध्ये १९६७ साली उत्पादन सुरू झाले. तिची ‘इंदू’ फिल्म अनेकांना आठवत असेल.

१५/
फिल्म महाग, म्हणून काटकसर ओघाने आलीच. सिनेमाच्या चित्रीकरणात उरलेले फिल्मचे तुकडे विकत घ्यायचे आणि अंधारात हाताने जुन्या डब्यांत भरायचे, ही चित्रपटनगरी मुंबईतील छायाचित्रकारांची परिचित युक्ती. फाळके आणि बारनाक यांनी एकाच फितीपासून दोन वेगळ्या वाटा काढल्या होत्या. त्या वाटा येथे पुन्हा एकत्र आल्या. रोलमध्ये छत्तीस चौकटी; लग्नात दहा, सहलीत आठ, बाकी दिवाळीपर्यंत राखून ठेवायच्या. अशा रोलमध्ये एका कुटुंबाचे अख्खे वर्ष सामावलेले सापडते.

१६/
आता पाऊस. कर्जत-भिवपुरी परिसरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील सापेक्ष आर्द्रता आठवडेच्या आठवडे ऐंशी टक्क्यांवर राहते. भिंगावर बुरशी धरायला सत्तर टक्के पुरतात. काचांच्या मधोमध कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरतात. बुरशीला खाद्य मिळते ते धुळीतून आणि वंगणाच्या अंशातून; तिच्या आम्लाने काचेवरचा लेप आणि अखेरीस काचही कोरली जाते. वेळीच पुसली तर ती जाते. कोरली गेलेली काच मात्र पूर्ववत होत नाही.

१७/
जुन्या छायाचित्रकारांचा उपाय साधा होता. लाकडी कपाटाच्या तळाशी कमी वॅटचा दिवा सतत जळत ठेवायचा. दिवा हवेतले पाणी काढत नाही. तो हवा किंचित तापवतो आणि त्यामुळे तिची सापेक्ष आर्द्रता घटते. आजचा उपाय म्हणजे घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल. निळे खडे ओल शोषून गुलाबी झाले की मंद आचेवर तापवून पुन्हा निळे करता येतात. चाळीस ते पन्नास टक्के आर्द्रता उत्तम. त्याहून फार कोरडेपणा वंगणाला मानवत नाही. चामड्याची देखणी पेटी मात्र पावसाळ्यात कटाक्षाने दूर ठेवावी. चामडे ओल धरून ठेवते.

१८/
दुसरा शत्रू ऊन. आरशाच्या कॅमेऱ्यात भिंगामागे आरसा आडवा असतो. रेंजफाइंडरमध्ये भिंगामागे थेट शटरचा पडदा आणि तो बहुधा रबर चढवलेल्या रेशमी कापडाचा. झाकण न लावता कॅमेरा उन्हात ठेवला, तर भिंग सूर्यकिरण त्या कापडावर एकवटते आणि बारीक छिद्र पडते. लहानपणी भिंगाने कागद जाळण्याचा खेळ खेळलेल्या प्रत्येकाला हे लगेच कळेल. त्यानंतर प्रत्येक चित्रावर पांढरा ठिपका उमटू लागतो. छिद्र शोधण्यासाठी भिंग काढून अंधाऱ्या खोलीत पडद्यामागे दिवा धरून पाहतात.

१९/
तिसरा शत्रू म्हणजे न वापरणे. कपाटात वीस वर्षे पडलेल्या कॅमेऱ्यातील वंगण गोंदासारखे घट्ट होते. प्रथम बिघडतात ते मंद वेग: एक सेकंद, अर्धा सेकंद. कारण हे वेग घड्याळासारख्या दातेरी चाकांच्या साखळीवर अवलंबून असतात. म्हणून जाणते मालक महिन्यातून एकदा, फिल्म नसली तरी, सर्व वेगांवर शटर चालवून पाहतात. दीर्घकाळ ठेवायचा असेल तर शटर ताणलेल्या स्थितीत ठेवत नाहीत; स्प्रिंगवर उगाच भार राहतो.

२०/
प्रत्येक घराण्याचे काही नियमही असतात. झोर्की आणि फेडमध्ये शटरचा वेग बदलायचा तो आधी फिल्म पुढे ओढून मगच. उलट क्रमाने केल्यास आतील यंत्रणा मोडण्याचा धोका असतो. जुन्या स्क्रूवाल्या लायकात फिल्म तळातून भरतात, म्हणून तिचे टोक सुमारे दहा सेंटिमीटरपर्यंत जिभेसारखे अरुंद कापून घ्यावे लागते. तसे न केल्यास फिल्मचा तुकडा शटरमध्ये अडकू शकतो. हे ज्ञान वडीलधाऱ्यांच्या हातांकडून मुलांच्या हातांकडे जात असे. साखळी तुटली की यंत्र उरते, पण ते वापरण्याची रीत हरवते.

२१/
रेंजफाइंडर नीट जुळलेला आहे का, हे घरबसल्या तपासता येते. भिवपुरी रोड स्थानकावरून पावसाळ्यानंतरच्या स्वच्छ सकाळी पश्चिमेस गार्बेट पठाराची कड ठळक दिसते. भिंगाचे कडे अनंतावर ठेवावे आणि खिडकीतून ती कड पाहावी. दोन्ही प्रतिमा तंतोतंत एकावर एक पडल्या तर ठीक. कड दुहेरी दिसली तर आडवी जुळणी बिघडली. एक प्रतिमा वर, एक खाली दिसली तर उभी. नंतर एक मीटरवरील वस्तूवरही तीच परीक्षा घ्यावी. दूरचे जुळले आणि जवळचे चुकले, तर दोष तरफेच्या मापात असण्याचा संभव अधिक.

२२/
पुढचे काम मात्र कारागिराचे. अर्धपारदर्शक आरशावरचा मुलामा इतका नाजूक असतो, की कापसाच्या एका फटकाऱ्याने तो निघून जातो आणि दुसरी प्रतिमा कायमची फिकी पडते. मुंबईत फोर्ट भागात, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या आसपासच्या गल्ल्यांत, अशी दुरुस्ती करणाऱ्यांची परंपरा आहे. सुटे भाग मिळत नाहीत तेव्हा एका मृत कॅमेऱ्याचे अवयव दुसऱ्यास लावून तो जगवला जातो. १९५९ च्या निकॉन एफनंतर व्यावसायिक छायाचित्रकार आरशाच्या कॅमेऱ्याकडे वळले, पुढे डिजिटल आले आणि या हुन्नराकडे येणारे शिकाऊ हात कमी होत गेले.

२३/
इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी जुना कॅमेरा हा साधनचिकित्सेचा उत्तम धडा आहे. चोरबाजारासारख्या ठिकाणी ‘जर्मन लष्करी लायका’ म्हणून सोनेरी, नक्षीदार, चिन्हांकित कॅमेरे दाखवले जातात. त्यांतील पुष्कळ म्हणजे नाव खोडून नवे कोरलेले फेड वा झोर्की. ओळखायचे कसे? भिंग काढून आतील तरफेचे टोक पाहावे. अस्सल लायकात तेथे छोटे गोल चाक असते; सोव्हिएत प्रतीत बहुधा पाचरीसारखा धातूचा तुकडा. लायकाच्या अनुक्रमांकावरून उत्पादनाचे वर्ष काढता येते. शिक्का काय सांगतो हे वाचावे, मग रचना काय सांगते ते पाहावे आणि दोन्ही जुळत नसतील तर रचनेवर विश्वास ठेवावा. ताम्रपटालाही हीच कसोटी लागते.

२४/
संग्राहकांचे कार्य मोठे आहे. मुंबईतील दिलीश पारेख यांच्या ४,४२५ कॅमेऱ्यांच्या संग्रहाची नोंद गिनीज बुकात झाली. मात्र कॅमेऱ्याबरोबर निगेटिव्हही जपल्या पाहिजेत. जो ओलावा भिंग खातो तोच फिल्मही खातो. ॲसिटेट फिल्म कुजू लागली की व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, फीत आक्रसते, वाकते. त्याआधीची नायट्रेट फिल्म तर ज्वालाग्राही. भारतात मूकपटांच्या काळात सुमारे तेराशे चित्रपट बनले. त्यांतले अगदी मोजके आज शिल्लक आहेत. घराघरांतील छत्तीस चौकटींच्या रोलांची तर कोणी मोजदादही केली नाही.

२५/
म्हणून घरात आजोबांचा कॅमेरा असेल तर तीन गोष्टी कराव्यात. आत रोल आहे का, हे आधी पाहावे. फिल्म गुंडाळण्याची मूठ हलकेच फिरवून ताण लागतो का ते तपासावे आणि ताण लागल्यास मागचे झाकण उघडू नये. दुसरे, निगेटिव्ह प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून कागदी पाकिटात ठेवाव्यात आणि पाकिटावर शिसपेन्सिलीने नावे, गाव, वर्ष लिहावे. तिसरे, ज्यांना ती नावे ठाऊक आहेत त्यांना आजच विचारावे. कॅमेरा शंभर वर्षांनीही दुरुस्त होऊ शकतो. चौकटीतल्या डावीकडून तिसऱ्या बाई कोण, हे सांगणारे माणूस गेल्यावर ते कोणत्याही कारागिराला सांगता येत नाही.

(धागा समाप्त)